नव्वद युनिटांचा हिशेब

‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव आपल्या कानांना जरा हलके वाटते. ज्यांना अन्यत्र कोठे प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठी केलेली ती सोय, असे आपल्याकडील सुशिक्षितही बिनदिक्कत म्हणतात. कॅलिफोर्नियात मात्र ही महाविद्यालये राज्याच्या 1960 सालच्या उच्च शिक्षणविषयक बृहद् आराखड्याचा पाया आहेत. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या या आराखड्याने शालेय विद्यार्थ्यांतील वरच्या एक-अष्टमांशासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि वरच्या एक-तृतीयांशासाठी राज्य महाविद्यालये राखली. कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली ठेवली, आणि तेथे पहिली दोन वर्षे पुरी करणाऱ्याला वरच्या दोन्ही ठिकाणी जाता येईल अशी वाट आखून दिली. या वाटेला तेथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. आज अशी 116 महाविद्यालये त्या एका राज्यात आहेत.

ही माहिती मी हौसेने गोळा केली नाही. मे 2025 मध्ये आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी इंदूरहून कुपर्टिनोला मुलाकडे गेलो, तेव्हा आमच्या सुनेने ती मजकडून गोळा करून घेतली. ती त्रेचाळीस वर्षांची आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील अंथरुणाला खिळले, तिने नोकरी धरली आणि पदवी तेथेच राहिली. पुढे विवाह, परदेश, दोन मुले. गेली चार वर्षे ती एका प्राथमिक शाळेत, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात अर्धवेळ साहाय्यक म्हणून काम करते. मुलाला आवरण्याइतकेच त्याच्या आईला धीर देणे हे काम आहे, हे तिला तेथे उमगले. त्या आयांशी बोलण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण आपण घ्यावे, मानसशास्त्राची पदवी मिळवावी, असे तिच्या मनाने घेतले. नोकरी सोडणे शक्य नव्हते. म्हणून अर्धवेळ.

आपल्याकडे मध्य प्रदेशात अशा माणसासाठी ‘स्वाध्यायी’ परीक्षार्थीचा मार्ग होता. माझ्या कार्यालयातील कितीतरी लिपिकांनी त्या मार्गाने बी.ए., एम.ए. केले. वर्षभर कचेरी आणि उन्हाळ्यात परीक्षा. तिकडचे ‘अर्धवेळ’ अगदी निराळे. तेथे हजेरीतून सुटका नसते. वर्ग प्रत्यक्ष असो वा संगणकावर, दर आठवड्याला गृहपाठ, चाचणी, निबंध हे सारे पूर्णवेळ विद्यार्थ्याइतकेच करावे लागते. कमी होते ती केवळ एका वेळच्या विषयांची संख्या.

तेव्हा मी कागद घेऊन बसलो. कोषागारात तेहतीस वर्षे काढलेला माणूस दुसरे काय करणार! घराजवळचे डी अँझा कॉलेज 1967 सालचे. तेथे वर्षाची विभागणी सत्रांत नसून ‘क्वार्टर’मध्ये आहे. ट्रान्सफरसाठी नव्वद क्वार्टर-युनिटे लागतात. सत्रपद्धतीच्या महाविद्यालयांत हीच संख्या साठ. राज्यातील रहिवाशाला एका क्वार्टर-युनिटचे शुल्क 31 डॉलर, म्हणजे नव्वदांचे 2,790 डॉलर. पुस्तके आणि किरकोळ आकार वेगळे. सत्रपद्धतीत युनिटला 46 डॉलर, साठांचे 2,760. पैशाच्या बाजूने प्रश्नच नव्हता. प्रश्न काळाचा होता. एक विषय साधारण चार-पाच युनिटांचा. क्वार्टरला एकच विषय घेतला, तर उन्हाळा वगळून वर्षाला तीन विषय, आणि नव्वद युनिटे भरायला पावणेसात वर्षे. दोन विषय घेतले तर वर्षाला सत्तावीस युनिटे. तीन वर्षे आणि वर एक क्वार्टर. मी दोन्ही आकडे तिच्यापुढे ठेवले. तिने दुसऱ्याखाली रेघ ओढली आणि ‘मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत पहिला’ असे समासात लिहिले. आमच्या खात्यात याला सशर्त मंजुरी म्हणत.

खरा वाद झाला तो विषयांच्या क्रमावरून. तिला प्रथम बालमानसशास्त्र घ्यायचे होते, मन रमेल म्हणून. माझे म्हणणे, संख्याशास्त्र आधी. मानसशास्त्राच्या ट्रान्सफर-पदवीत प्रास्ताविक मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे तिघे एकामागे एक उभे असतात. पहिले दोन झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावता येत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे एखादे क्वार्टर चुकले तर तो पुढच्या वेळी भरून काढतो. अर्धवेळ विद्यार्थ्याला संध्याकाळचा किंवा संगणकावरचा वर्गच हवा असतो, आणि तो दर क्वार्टरला निघतोच असे नाही. साखळीतील एक कडी मागे पडली की सगळे वर्ष पुढे ढकलले जाते. मन रमवणारे विषय कोठेही बसवता येतात. साखळीचे विषय जेथल्या तेथेच बसवावे लागतात.

तिच्या अनिच्छेचे कारण मात्र वेगळेच निघाले. गणित सुटून बावीस वर्षे झाली होती, आणि आधी चाचणी घेऊन आपल्याला शालेय गणिताच्या वर्गात बसवतील, ही तिची धास्ती होती. पूर्वी तसे होत असे, आणि त्या पूर्वतयारीच्या वर्गांतच असंख्य प्रौढ विद्यार्थी गळून जात. 2017 च्या एका कायद्याने ती अट जवळजवळ मोडीत काढली; आता विद्यार्थ्याला थेट विद्यापीठमान्य संख्याशास्त्रात बसता येते. हे कळल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एखादा नियम सुटण्याने माणूस किती मोकळा होतो, हे नियम राबवणाऱ्या आम्हा लोकांना कधी दिसत नाही.

पुढचा प्रश्न, ट्रान्सफर कोठे? येथे शब्द जपून वाचावे लागतात. 2010 च्या कायद्याने ‘ट्रान्सफरसाठीची सहपदवी’ निर्माण झाली. ती मिळवणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तृतीय वर्षाच्या प्रवेशाची हमी आहे. पण ती हमी त्या व्यवस्थेत कोठेतरी जागा मिळण्याची, हव्या त्याच ठिकाणी नव्हे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा शाखा अटी पुऱ्या करणाऱ्याशी प्रवेशाचा लेखी करार करतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो करीत नाहीत. करारासाठीचा अर्ज सप्टेंबरात, प्रवेशाचा त्यानंतर, आणि दोन्ही प्रत्यक्ष प्रवेशाच्या जवळजवळ एक वर्ष आधी. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या शाखेला चालतो हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोष्टकात दिलेले आहे. मी ते कोष्टक छापून घेतले. बर्कलीच्या मानसशास्त्राच्या अटी एक, सांता क्रूझच्या दुसऱ्या. एकवीस वर्षांच्या मुलाला नऊही दिशा मोकळ्या. दोन मुलांच्या आईला घरापासून गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येईल तेवढेच विद्यापीठ. या चाळणीतून दोनच नावे उरली, सॅन होजे स्टेट आणि डोंगरापलीकडचे सांता क्रूझ. पहिल्याची आणखी एक सोय अशी की कॅल स्टेटमध्ये सत्राला सहा युनिटांपर्यंत शिकवणीशुल्काचा दर कमी आहे, म्हणजे तेथेही अर्धवेळ शिकता येते. सांता क्रूझ पूर्णवेळाची अपेक्षा करते. आम्ही सॅन होजेला समोर धरले.

मग निघाला जुना कागद. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात तिला पूरक आली होती, आणि दुसरे वर्ष अर्ध्यातच सुटले होते. ‘बाबा, बावीस वर्षांपूर्वीचे, तेही माळव्यातले. कोण विचारणार? नाही लिहिले तर?’ असे तिने एका रात्री भांडी आवरताना विचारले. तेथील नियम स्पष्ट आहे: विद्यार्थ्याने यापूर्वी जगात कोठेही महाविद्यालयीन शिक्षण घेतले असेल तर ते सारे अर्जात नमूद केले पाहिजे, उत्तीर्ण असो वा नसो. दडवलेले उघडकीस आले तर मिळालेला प्रवेशही जातो. मी तिला एवढेच म्हटले, ‘ज्या नस्तीत कागद कमी असतो तीच पुन्हा पुन्हा उघडली जाते.’ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच गुणपत्रिकेची छायाप्रत शैक्षणिक समुपदेशक बाईंपुढे ठेवली. त्या बाईंनी पूरककडे पाहिलेसुद्धा नाही. विद्यापीठाकडून सीलबंद प्रत मागवा आणि मूल्यमापन संस्थेकडे पाठवा, काही युनिटे मान्य झाली तर तेवढा काळ वाचेल, असे सांगितले. जो कागद लपवायचा तो कदाचित उपयोगी पडणार होता.

चिरंजीवांचा सूर वेगळा होता, आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांचे दिवस अनिश्चित आहेत. सहा महिन्यांचा एखादा उपयोगी अभ्यासक्रम कर, असे तो म्हणे. मानसशास्त्राची पहिली पदवी तिकडे स्वतःच्या बळावर फारसे दार उघडत नाही. कुटुंबांना समुपदेशन करण्याचा राज्याचा परवाना हवा तर पदव्युत्तर पदवी हवी, आणि देखरेखीखाली केलेल्या कामाचे 3,000 तास. मी तो हिशेबही मांडला. बेरीज बारा वर्षांच्या आसपास आली. कागद पाहून ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही शेवटच्या ओळीपासून वाचता. मला सप्टेंबरात कोणते दोन विषय घ्यायचे तेवढे सांगा.’ मुलगा हसला आणि विषय तेवढ्यावर थांबला; पुढे फी त्यानेच भरली.

सप्टेंबरात तिने प्रास्ताविक मानसशास्त्र व इंग्रजी लेखन घेतले. नेमक्या त्याच हंगामापासून राज्यभर सामान्य विषयांना एकच क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, म्हणून तिचा पहिला विषय ‘पीएसवायसी सी 1000’ या नावाने नोंदला गेला. दोन्ही विद्यापीठव्यवस्थांसाठी सामान्य शिक्षणाचा आराखडाही तेव्हापासून एकच झाला. मध्येच खंड पडला तर पुढचे नवे नियम लागू होऊ शकतात, म्हणून वर्षातून निदान एक विषय तरी चालू ठेवायचा, असे आम्ही योजनेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले. नोव्हेंबरात आम्ही परतलो. हिवाळ्याच्या क्वार्टरमध्ये तिने संख्याशास्त्र एकटेच घेतले. प्रमाण विचलन म्हणजे काय हे मला दूरध्वनीवर विचारू लागली, पण तिसऱ्या आठवड्यानंतर तीच मला सांगू लागली.

सीलबंद प्रतीचे काम मजकडे आहे. चार खेपा झाल्या. जुनी नोंदवही तळघरात आहे असे खिडकीवरच्या गृहस्थांचे म्हणणे. बुधवारी पुन्हा जायचे आहे. संशोधनपद्धतीचा वर्ग तोपर्यंत तिकडे सुरू झालेला असेल.