‘ध’चं डोकं उघडं

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. निमित्त घराच्या पाटीचं.

आमची अंबरनाथची इमारत पुनर्विकासाला गेली आणि मी मुलाकडे बदलापूरला आले. येताना दारावरची लाकडी पाटी तेवढी हट्टानं काढून आणली. १९८४ साली घर घेतलं तेव्हा यांनी स्वतः ब्रशनं तिच्यावर ‘सुगंध’ असं लिहिलं होतं. हे ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर. पत्र्यावर मार्किंग करून तयार झालेला हात, त्यामुळे अक्षर ठसठशीत. पण लिहिण्याच्या भरात ‘ध’च्या डोक्यावरून सरळ रेघ ओढली आणि झालं ‘सुगंघ’! मी तेव्हा वर्गात रोज ओरडून सांगत असे, “ध आणि भ यांचं डोकं उघडं ठेवा.” मग घरात कशी सोडणार? रॉकेलचा बोळा घेऊन तेवढी रेघ पुसायला लावली. “बाईंनी वही तपासली,” असं म्हणत यांनी हसत हसत पुसली. यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पाटीला वाळवी लागलेली. नातू म्हणाला, “आजी, आजोबांचंच अक्षर स्टीलमध्ये कापून घेऊ या.” उल्हासनगरच्या बाजारात तयार अक्षरांच्या पाट्या लगेच मिळत होत्या, पण त्या मला नको होत्या. मग पाटीचा फोटो घेऊन आनंदनगर एमआयडीसीतल्या एका लेझर कटिंगवाल्याकडे गेलो.

तिथे पहिला धडा मिळाला: फोटो म्हणजे ड्रॉइंग नव्हे. यंत्राला रंग, सावली काही कळत नाही. कळते ती फक्त रेघ. मग नातवानं कॉम्प्युटरवर अक्षरांच्या कडा गिरवून डीएक्सएफ फाइल केली. मापं मिलिमीटरमध्ये, एकास एक. रेघ मध्येच तुटली तर आकार बंद होत नाही आणि एकावर एक दोन रेघा पडल्या तर यंत्र तीच वाट दोनदा कापतं. लेझर स्वतः मिलिमीटरचा काही अंश धातू खातो, तोही हिशेबात धरायचा. म्हणजे शुद्धलेखनाची वहीच की! जाड प्लेट किंवा ग्रॅनाइट असतं तर वॉटर जेट बरा, असं कळलं. त्यात जोरदार पाण्याच्या झोतात गार्नेटची बारीक रेती सोडून कापतात, वस्तू तापत नाही. आमच्या दोन मिलिमीटरच्या पत्र्याला लेझर पुरेसा होता.

दोन दिवसांनी कारखान्यातून मोबाइलवर चित्र आलं. बघते तर पुन्हा ‘सुगंघ’!

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिथे हजर. ऑपरेटर मुलगा म्हणाला, “मावशी, तो ध सुटा पडत होता, म्हणून रेघ जोडून टाकली.” त्याचंही खरंच होतं. अक्षरं सुटी कापायची तर शिरोरेघ हाच आधार; दोरीवरच्या कपड्यांसारखी सगळी तिला लटकलेली. ‘ध’पाशी ती तुटते, म्हणून तो निसटतो. अनुस्वार तर अधांतरीच.

मग उलटं करायचं ठरलं. पत्रा अखंड ठेवायचा आणि त्यात अक्षरं आरपार कापायची. अनुस्वाराचं एक भोक झालं, तो प्रश्न मिटला. पण नवीन पंचाईत! आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. दगडात कोरलेल्या अक्षराच्या पोटामागे दगड असतो. आरपार कापलेल्याच्या मागे काहीच नसतं. चारी बाजूंनी बंद झालेला तुकडा खाली पडतो. ‘स’चं पोट असंच बंद. त्याला धरून ठेवायला तीन मिलिमीटरचा पूल ठेवला.

“आणि ‘ध’ला?” मी विचारलं.

पोरानं पडद्यावर बोट फिरवलं. “त्याला पूल नको, मावशी. वर ही फट आहे ना, तिथून पत्रा आत जातो. त्यावरच पोट टिकतं. रेघ जोडली असती तर पडलं असतं.”

मी गप्पच झाले. ती फट १९८४ साली मी त्यांच्याकडून करून घेतली होती. अक्षर त्यांचं, तेवढी फट माझी.

मग कॉम्प्युटरवर ‘ध’ मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला आणि तेव्हाच कापायला परवानगी दिली. यंत्र शंका विचारत नाही, दिलेलं मुकाट्यानं कापतं. तुमच्याकडे कुणाच्या हातचं अक्षर जपून ठेवलेलं असेल, तर द्यायच्या आधी वही तपासतो तसं तपासा.

असो. पाटी लागली आहे. संध्याकाळी घरात दिवा लावला की तिच्यातून जिन्यावर ‘सुगंध’ पडतो. बघायला या.