पावती नाही

राज्य सरकारच्या नोकरीत आमची सारी हयात दुसऱ्यांचे खर्च तपासण्यात गेली. आधी धार, मग देवास. दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या एकाच गावात नांदल्या, तेव्हा हिशेबाच्या वाटण्या इथल्या मातीला नवीन नाहीत. निवृत्तीनंतर आम्ही देवासलाच राहिलो आणि गल्लीने आम्हांला बिनपगारी कारकून नेमून टाकले. कुणाचा पेन्शनचा अर्ज, कुणाचा वारसाचा दाखला.

अशाच एका संध्याकाळी समोरचा ट्रकड्रायव्हर तेलकट डागांची एक लहानशी वही घेऊन आला. वीस वर्षे शेठची गाडी चालविल्यावर त्याला स्वतःची जुनी गाडी घ्यायची होती आणि कर्जासाठी बँकेने आयकराचे विवरणपत्र मागितले होते. वही आमच्यापुढे ठेवून त्याने विचारले, "बाबूजी, ये सब कटेगा ना?"

डिझेल आणि टोल शेठचा. ते वहीत नव्हतेच. जे त्याच्या खिशातून गेले ते होते. ढाब्यावरचे जेवण, आंघोळीचे पाणी, हवा-पंक्चर, ताडपत्रीची दोरी, रात्री गाडी राखणाऱ्या पोराला दिलेले दहा-वीस रुपये, माल भरण्याची वाट पाहत एखाद्या गोदामाबाहेर काढलेले दोन दिवस. आणि मुंबईकडच्या प्रत्येक फेरीला एक नारळ. इंदूर सोडून आग्रा-मुंबई रस्त्याने खलघाटकडे निघाले की धार जिल्ह्यात गणपती घाट लागतो. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा तो उतार. भरलेल्या गाड्यांचे ब्रेक तिथे निकामी होऊन कितीतरी माणसे गेली आहेत. तेव्हा नारळ.

यातले काहीच कटणार नव्हते. पगारदाराला आपल्या कामाचा खर्च एकेक दाखवून वजा करता येत नाही. अमेरिकेत स्वतःचा धंदा असलेला ट्रकचालक घरापासून दूर असतानाच्या जेवणखर्चाचा ऐंशी टक्के भाग वजा करू शकतो म्हणतात. पण पगारी चालकाची तशी सोय तिथेही २०१८ पासून उरलेली नाही. आपल्याकडे सर्वांना सरसकट प्रमाणित वजावट आहे. ती २००५ च्या अर्थसंकल्पाने गेली, २०१८ च्या अर्थसंकल्पाने चाळीस हजारांची होऊन परतली आणि नव्या करप्रणालीत २०२४ साली ७५,००० रुपये झाली. घाट उतरणाऱ्याला तेवढीच आणि आरामखुर्चीत बसून घेतलेल्या आमच्या पेन्शनलाही तेवढीच.

जुन्या प्रणालीत वाहतूकधंद्यातील नोकरासाठी एक बारीकशी वाट आहे. प्रवासातील स्वतःच्या खर्चासाठी मालकाने भत्ता दिला, तर त्याचे सत्तर टक्के, महिन्याच्या ठराविक मर्यादेपर्यंत, करमुक्त. मात्र रोजभत्ता मिळत असता कामा नये. पण भत्ता कागदावर तर हवा! शेठ फेरीच्या आरंभी हातात खर्ची ठेवतो, तिचा कागद कसला? शिवाय मुळातच त्याचे उत्पन्न कराच्या रेषेखाली. वजा करायचे ते कशातून?

बरे, मालक झाल्यावर? दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी १९९४ साली १९६१ च्या आयकर कायद्यात ४४एई हे कलम घातले गेले. आरंभी जड गाडीमागे महिना २,००० रुपये उत्पन्न गृहीत धरीत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर बारा टनांवरील गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे १,००० आणि त्याखालच्या गाडीला ७,५०० रुपये महिना. २०२५ च्या नव्या कायद्याने क्रमांक बदलले, रीत तीच ठेवली. सगळा खर्च वजा झाला असे समजायचे, वह्या नकोत. अठ्ठावीस टनांची दहाचाकी असेल तर महिन्याचे उत्पन्न २८,०००. मग गाडी फिरो वा गॅरेजात उभी राहो, कारण कलम मालकीचे महिने मोजते, फेऱ्या नव्हे. याहून कमी मिळाले असे म्हणणाऱ्याने वह्या लिहाव्या आणि लेखापरीक्षणही करवून घ्यावे.

म्हणजे चालक असताना वहीला किंमत नव्हती आणि मालक झाल्यावर तिची गरज नव्हती. हे सांगताना आमचा आवाज जुन्या खुर्चीतला झाला असावा, कारण त्याने वही मुकाट्याने मिटली. ते मिटणे आम्ही पूर्वी पाहिले होते.

धारला असताना एका कार्यालयाच्या जीपचालकाचे बिल आमच्यापुढे आले होते. कुक्षीच्या दौऱ्याहून परतताना रात्री दोनदा पंक्चर, रुपये चौदा. आम्ही तांबड्या शाईने शेरा मारला, "रसीद संलग्न नहीं, अमान्य।" नियम आमच्या बाजूचा होता, आजही आहे. मध्यरात्री झोपेतून उठून पंक्चर काढणाऱ्या माणसाजवळ पावतीपुस्तक असते का, एवढे मात्र आम्हांला सुचले नाही. चालक काही बोलला नाही. पुढे दोन वर्षे आम्ही त्याच जीपमधून हिंडलो. पंक्चरचे बिल त्याने पुन्हा कधी आणले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्याचा चेहरा आता नीटसा आठवत नाही. शेरा आठवतो; अक्षर फार सुरेख आले होते.

विवरणपत्र भरून झाले, यथावकाश गाडीही आली. वही नको असे सांगणाऱ्या आम्हीच त्याला एक आखीव खतावणी नेऊन दिली. २८,००० हे सरकारचे अनुमान, हप्ता बँकेचा. हातात काय उरते ते टायर बदलल्यावरच कळणार, आणि तेही कुठेतरी लिहिले असेल तर.

पहिली फेरी करून तो आला. सगळ्या रकमा जागच्या जागी मांडल्या होत्या, एक सोडून.

"बाबूजी, नारियल किसमें लिखूँ?"

आम्ही चष्मा पुसला, पुन्हा चढविला.

"मरम्मत में लिख," आम्ही म्हणालो, "ब्रेक के नीचे।"