कागद चांगले, अंग ठणकतंय

फेब्रुवारीत भिवापूरची हवाच तिखट होते. सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागी, लाल मिरचीचे ढीग पडतात आणि तोंडाला पदर बांधून बाया दिवसभर देठ खुडत बसतात. आमच्या घरचीही मिरची असते. लग्नानंतर वीस वर्षं शाळा सुटली की मी त्या ढिगाशी बसत आले. त्यामुळे मान, खांदे, कंबर दुखायला लागली तेव्हा त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. बसून बसून दुखतं म्हणायचं, बाम चोळायचा, झोपायचं.

मिरची संपली, पाऊस लागला, तरी दुखणं गेलं नाही. उलट ते अंगभर फिरायला लागलं. आज मांड्या, उद्या मनगटं, परवा जबडा. आठ तास झोपूनही सकाळी अंग रात्रभर कुणी बदडल्यासारखं. फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला की खांद्यात कळ. तीन वर्षं शिकवलेल्या मुलाचं नाव ऐन हजेरीत आठवेना. एकदा लेकीने मागून येऊन गळ्यात हात टाकले आणि मी किंचाळले. ती दोन पावलं मागे सरकली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला बिलगली नाही.

ईएसआर, थायरॉईड, आरए फॅक्टर, एक्स-रे, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल परत देत विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "सारे कागद चांगले आहेत, तं मंग तुले दुखते काऊन?" त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तोच प्रश्न मलाही पडला होता.

उत्तर मिळायला दोन वर्षं गेली. नागपूरच्या एका संधिवाततज्ज्ञांनी तासभर ऐकून घेतलं. अंगावरच्या 19 जागा एकेक करून विचारल्या, झोप, थकवा, विसरणं विचारलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं : फायब्रोमायल्जिया. पूर्वी, 1990च्या निकषांत, 18 बिंदू दाबून त्यांतले किमान 11 दुखतात का ते बघत. 2010पासून ती दाबादाबी निदानासाठी आवश्यक राहिली नाही. किमान तीन महिने टिकलेलं सर्वांगाचं दुखणं आणि त्यासोबतचे त्रास बघतात.

मी भिवापूरची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मिरचीने हात जळतात तेव्हा कातडी कुठे भाजलेली असते?" खरंच, नसते. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं आणि मेंदूला आगीची खबर जाते. कॅप्सायसिन चेतातंतूंवर जिथे चिकटतं, ती जागा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021चं नोबेल मिळालं. माझ्या दुखण्यात मेंदू आणि मज्जारज्जू साध्या स्पर्शालाही अशीच आगीची खबर मानतात. चटका नसतो, आग मात्र खरी असते. हे ऐकून मी त्यांच्यासमोर रडले.

त्यानंतर वाचत सुटले. पेशीतल्या मायटोकाँड्रिया ऊर्जा तयार करताना काही अतिक्रियाशील रेणूही निर्माण होतात. ते आवरायला शरीराजवळ स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा असते. हा तोल ढळला की ऑक्सिडेटिव्ह ताण. फायब्रोमायल्जियाच्या काही रुग्णांत या ताणाच्या खुणा जास्त आणि कोएन्झाइम क्यू10 कमी आढळलं आहे. एवढं वाचून मी अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या बाटल्यांमागे लागले. एका ओळखीच्या विक्रेत्याने 'मुळापासून इलाज' म्हणून दिलेल्या गोळ्या सहा महिने घेतल्या, महिन्याला साडेतीन हजार. दुखणं तसंच राहिलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावलं, हा ताण आजाराचं कारण की परिणाम हे अजून ठरलेलं नाही. मोडकी झोप आणि पडून राहणंही तो वाढवू शकतं. क्यू10च्या चाचण्या छोट्या आहेत, त्यांवर इलाज उभा करता येत नाही. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी 2017मध्ये सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली : व्यायाम. चालताना ते अतिक्रियाशील रेणू थोडा वेळ वाढतात, पण रोजच्या सवयीने शरीराची स्वतःची यंत्रणाच बळकट होते. गोळ्यांवर ते एकवीस हजार गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

रोज पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. एकदा उत्साहात अर्धा तास चालले आणि दोन दिवस आडवी पडले. मग दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवली. रात्री अॅमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी, ठरल्या वेळी झोप. आता पस्तीस मिनिटं चालते. दुखणं गेलेलं नाही, पण फळ्यावर तारीख मीच लिहिते. लेक पुन्हा गळ्यात पडते, फक्त आधी "आई, येऊ का?" म्हणते.

यंदा सातऱ्यावरच्या एका बाईने मला हळूच सांगितलं, "बाई, सारं आंग ठणकते, घरचे म्हणतात कामचोर झाली." तिचेही कागद चांगलेच आहेत. पुढच्या मंगळवारी मी तिला घेऊन नागपूरला जाते आहे. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर कागद नॉर्मल आहेत म्हणून तिला गप्प बसवू नका. तिला संधिवाततज्ज्ञाकडे न्या.