नववीचा डबा

बुलढाणा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे विज्ञान शिकविले. कुणी घरी मराठी बोले, कुणी उर्दू, तर तांड्यावरची मुले गोरमाटी. दिवाळीनंतर मात्र एक दृश्य सर्वांच्या बाबतीत सारखेच असे. कित्येकांचे आई-वडील ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेले असत आणि पालकसभेस आजी-आजोबा येत.

एका सोमवारी परिपाठाच्या वेळी नववीतील एक मुलगी भोवळ येऊन पडली. पहाटे उठून, घरकाम आटोपून, निळ्या मानव विकास बसने ती आली होती. पोटात केवळ चहा होता. निरोप मिळताच तिची आजी आली. म्हणाली, “आठवीपर्यंत तं शाळेतच जेवत होती. आताबी तिथंच जेवत असंल, असं वाटलं मले.”

त्या माउलीचा समज स्वाभाविक होता. 1995 साली सुरू झालेली मध्यान्ह भोजन योजना आज ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ म्हणून ओळखली जाते. सहावी ते आठवीच्या मुलास तीत रोज 150 ग्रॅम धान्य आणि एकूण सुमारे 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. नववीत हे ताट थांबते. नेमक्या याच वयात उंची वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते आणि दहावीचा अभ्यास समोर उभा असतो.

शाळेचा इतर आधार पुढेही चालू राहतो. आठवीत ‘एनएमएमएस’ परीक्षेत निवड झालेल्या, अल्प उत्पन्नाच्या घरातील विद्यार्थ्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. आरोग्य पथक डोळे व दात तपासते. आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. ही गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते; म्हणून ती जेवणानंतर घ्यावयाची असते. नववीत ते जेवण म्हणजे घरून आलेला डबाच.

त्या आजींना मी जे सांगितले, तेच येथे सांगते. डब्यात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण वा चवळीची उसळ, एखादी पालेभाजी आणि लिंबाची फोड असावी. लिंबामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहामुळे ते कमी होते. म्हणून जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा. गोळीने शौचास काळे झाल्यास घाबरू नये. मूल फिकट दिसत असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

पुढे त्या आजी रोज पहाटे भाकरी थापू लागल्या. दोन महिन्यांनी मुलीच्या प्रगतिपत्रकावर अंगठा उमटविताना त्यांनी गुणांविषयी काही विचारले नाही. “डबा संपवते न हो?” एवढेच विचारले.