फुकटाचा वकील

आमच्याकडे एक समजूत पक्की आहे : फुकटचे औषध लागू पडत नाही आणि फुकटाचा वकील खटला जिंकत नाही. शिवाय देगलूरच्या बाजारात कोणालाही विचारा, 'सरकारने दिलेला वकील' आणि 'सरकारी वकील' यांत तो फरक करणार नाही. सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूचा. तो आपला कसा होईल, असा त्याचा रोखठोक हिशेब. हा निव्वळ अडाणीपणा आहे असे मला वाटत नाही. गरिबाला फुकट मिळालेल्या वस्तूंचा अनुभव त्यामागे आहे.

गेल्या उन्हाळ्यात मावशीबरोबर मी इथल्या तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात पाच-सहा वेळा गेलो. मावशीला सीमेपलीकडे, तेलंगणात मद्नूरच्या बाजूला दिलेली. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तेव्हा ती दोन लेकरे घेऊन देगलूरला परतली. पाच वर्षे ती दुसऱ्याच्या शेतात खुरपते आहे. आमच्या घरात कागद वाचणारा मी पहिलाच. वडील सालगडी, अंगठा उठवणारे. 'दावा लावायचा तर तिकडेच जावे लागेल, तेलुगूत बोलावे लागेल' या भीतीपोटी पाच वर्षे गेली. अशा लेकी आपल्या गावात बऱ्याच आहेत. सोयरीक जुळताना राज्याची हद्द कोणी पाहत नाही; 1956 पर्यंत तर हे सारे एकाच हैदराबाद राज्यात होते. हद्द आडवी येते ती सोयरीक मोडल्यावर.

त्या कार्यालयात नांदेडहून आलेला कायद्याचा एक विद्यार्थी बसलेला असे. कायदा शिकणाऱ्यांना असे प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20, आणि सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. सनद नसल्याने त्याला न्यायालयात वकील म्हणून उभे राहता येत नाही. मग तो करतो काय? तो ऐकतो आणि लिहितो. मावशीने सुरुवात केली ती लग्नातल्या भांड्यांपासून. तो मधूनच विचारी, "मावशी, हे कोणत्या साली?" मावशीला साल ठाऊक नव्हते. "धाकटं पोटात होतं, तुरी काढणीला आल्या होत्या," असे ती सांगे. आणि तो तुरीवरून महिना व पोराच्या जन्मदाखल्यावरून साल काढी. इतिहासाच्या तासाला आपण साधनांची चिकित्सा शिकतो, ती प्रत्यक्ष करताना मी प्रथमच कोणाला पाहिले.

मावशीने दोन दिवसांची मजुरी बुडवून उत्पन्नाचा दाखला आणला होता. कोणीतरी तसे सांगितले होते. त्याने तो बाजूला ठेवला. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12व्या कलमात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. मग त्याने नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे पुस्तक उघडून 145वे कलम समजावून सांगितले. पोटगीचा अर्ज बायको राहते त्या जिल्ह्यातही करता येतो. जुन्या संहितेतही तसेच होते. म्हणजे पाच वर्षे आडवी आलेली हद्द कायद्यात नव्हतीच! मावशी बराच वेळ गप्प बसली. मग मला म्हणाली, "पुन्यांदा वाचायला लाव त्याला."

मोफत कायदेशीर मदतीचे कलम (39-अ) राज्यघटनेत 1976च्या दुरुस्तीने आले, आणि वरील कायदा अमलात यायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडले. मला मात्र त्यामधल्या काळातली एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. मुंबईच्या कारागृहातील स्त्री कैद्यांशी बोलून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने चौकशीला वकील धाडला नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात जाऊन त्या बायकांशी बोलायला सांगितले. पुढे 1983च्या निकालात, कोणालाही अटक करून कोठडीत नेताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, असा आदेश झाला. हे सारे सुरू झाले ते एका बाईने जाऊन विचारले आणि लिहून काढले म्हणून.

अर्ज दाखल होण्याआधीच त्या विद्यार्थ्याचे चार आठवडे संपले. "ते पोरगं कुठं गेलं?" मावशी अजून विचारते. समितीने दिलेले वकील सज्जन आहेत, पण त्यांच्याजवळ तुरीच्या हंगामाची गोष्ट ऐकायला वेळ कुठला! अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. आमची नोटीसच अजून सीमेपलीकडे बजावून व्हायची आहे. शिकायला येणाऱ्यांनी जरूर यावे. परंतु ऐकणारा माणूस गावातला असावा, महिन्याने निघून जाणारा पाहुणा नसावा, असे माझे मत झाले आहे. विधी स्वयंसेवक व्हायला कायद्याची पदवी लागत नाही, हे कळल्यावर मी अर्जाचा नमुना आणून ठेवला आहे. आमच्या वर्गातल्या दोघी जणीही तयार आहेत.

पुढची तारीख 11 तारखेला आहे. त्या दिवशी कॉलेज बुडवायचे, असे मावशीने बजावून ठेवले आहे. हजेरीचे काय करायचे ते सरांनी ठरवावे.