कॅल्टन ते पार्कहेड

स्कॉटलंडला जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी एडिंबरोचा किल्ला पाहतात, उत्तरेकडील डोंगर व सरोवरे पाहतात आणि ग्लासगो शहरी एखादी रात्र काढून पुढे निघतात. ग्लासगोच्या पूर्वभागाकडे तर सहसा कोणी वळत नाही. एके काळी तेथे विणकरांचे माग, लोखंडाचे कारखाने आणि मजुरांच्या कोंदट चाळी होत्या. आज त्यांतील पुष्कळ जागा मोकळ्या पडल्या आहेत. तथापि ज्याला फुटबॉलच्या खेळाची गोडी आहे आणि एखादी संस्था कशी जन्मते व कशी वाढते हे जाणण्याची इच्छा आहे, त्याने कॅल्टन वस्तीतील सेंट मेरी चर्चपासून पार्कहेड येथील सेल्टिक संघाच्या क्रीडांगणापर्यंत एकदा पायी जावे. वाट अर्ध्या तासाची आहे. प्रस्तुत लेखक या संघाचा जुना पाठीराखा असल्यामुळे पुढील मजकुरात थोडा पक्षपात आढळला, तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

कॅल्टन हे मूळचे विणकरांचे गाव. १७८७ साली येथील विणकरांनी मजुरी कमी केल्याच्या निषेधार्थ काम बंद केले, तेव्हा सैनिकांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. ज्या अ‍ॅबरक्रॉम्बी रस्त्यावरील दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे, त्याच रस्त्यावर १८४२ साली सेंट मेरी चर्च उभे राहिले. आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेली हजारो कुटुंबे पुढे या वस्तीत येऊन राहिली. धर्म निराळा, बोलण्याची ढब निराळी, हाती मिळेल ते काम करावयाचे आणि एका खोलीत आठ-दहा जणांनी राहावयाचे, अशी त्यांची स्थिती होती. परमुलखात वस्ती करून आपली भाषा व आपल्या संस्था जतन करणाऱ्या इंदूर, बडोदे किंवा हैदराबादच्या वाचकाला त्यांच्या मनाची कल्पना सहज येईल.

या मुलांना दुपारी एक वेळचे तरी अन्न मिळावे म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी अन्नछत्र चालविले होते. हे आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील गृहस्थ. संसारी नाव अँड्र्यू केरिन्स. अन्नछत्र म्हटले की पैसा लागणार, आणि पैसा देणारे सारेच गरीब! त्याच सुमारास, १८८७ साली, एडिंबरोच्या आयरिश कॅथलिकांच्या हिबर्नियन संघाने स्कॉटिश चषक जिंकला. सामन्यांच्या तिकिटांतून अन्नछत्राचा खर्च भागेल, हा विचार ब्रदर वॉलफ्रिड यांनी उचलून धरला आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक संघाची स्थापना झाली. आपल्या गोव्यातही फुटबॉलचे बीज एका धर्मगुरूनेच पेरले असे सांगतात. फादर विल्यम लायन्स यांनी १८८३ साली शिवोली गावी मुलांना हा खेळ शिकविला. शाळा, चर्च आणि चेंडू यांचे नाते असे पुष्कळ ठिकाणी जुळलेले दिसते.

कॅल्टनहून गॅलोगेटच्या हमरस्त्याने पूर्वेकडे चालत गेले म्हणजे घरांच्या रांगांपलीकडे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते प्रचंड क्रीडांगण दृष्टीस पडते. सुमारे ६०,००० प्रेक्षक तेथे बसू शकतात. शेजारीच जेनफील्डची दफनभूमी आहे. संघाचे पहिले मैदान या दफनभूमीलगत होते. १८९२ साली तो रस्त्यापलीकडच्या नव्या जागी आला. थडग्यांशेजारून स्वर्गात आल्यासारखे झाले, असे त्या वेळी कोणीसे म्हटले, आणि तेव्हापासून लोक या मैदानाला लाडाने ‘पॅरडाइज’ म्हणतात. प्रवेशद्वारापाशी ब्रदर वॉलफ्रिड यांचा बसलेला पुतळा आहे. तो २००५ साली उभारला. जवळच जॉक स्टीन आणि जिमी जॉन्स्टन यांचे पुतळे आहेत, तर मार्गाच्या आरंभी बिली मॅकनील चषक उंच धरून उभे आहेत. हा चषक १९६७ साली लिस्बन येथे मिळालेला युरोपीय चषक होय.

एका भारतीयाचाही या संघाशी संबंध आला होता. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ साली सेल्टिकच्या राखीव संघातून दोन सामने खेळला. बूट घालण्याची त्याला सवय नव्हती. पायांना पट्ट्या गुंडाळून तो अनवाणी खेळला आणि त्याचे कसब पाहून ग्लासगोचे लोक थक्क झाले. पण घराच्या ओढीने तो लवकरच मायदेशी परतला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सेल्टिकच्या पाठीराख्यांत एक वाद नेहमी रंगतो: संघाचा सर्वांत थोर मोसम कोणता? एका पक्षाचे म्हणणे असे की २०१६-१७ चा मोसम. त्या वर्षी देशातील तिन्ही स्पर्धा सेल्टिकने जिंकल्या आणि ४७ सामन्यांत एकदाही हार खाल्ली नाही. लीगच्या ३८ सामन्यांपैकी ३४ जिंकले, ४ बरोबरीत सुटले; गुण १०६, गोलही १०६. दुसऱ्या क्रमांकाच्या अ‍ॅबर्डीनपेक्षा ३० गुण अधिक! दुसरा पक्ष १९६६-६७ चे नाव घेतो. त्या वर्षी सेल्टिकने ज्या पाच स्पर्धांत भाग घेतला, त्या पाचही जिंकल्या. मात्र लीगच्या ३४ सामन्यांत तो दोनदा हरला, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या रेंजर्सपेक्षा त्याचे गुण अवघे ३ अधिक होते. केवळ आकडे मांडले तर पहिल्या पक्षाची बाजू बळकट दिसते.

तरीही प्रस्तुत लेखकाचा कौल हरलेल्या संघाच्या, म्हणजे १९६७ च्या बाजूने आहे. कारण असे की, जय मोजताना समोर कोण होते हेही पाहावे लागते. १९६६-६७ मध्ये सेल्टिकला लीगमध्ये दोन्ही वेळा हरविणारा संघ एकच, डंडी युनायटेड. दोन्ही वेळा ३-२. हा संघ लेचापेचा नव्हता. त्याच मोसमात त्याने बार्सिलोनाला प्रथम त्यांच्या घरी आणि नंतर आपल्या घरी नमविले होते. ग्लासगोचाच रेंजर्स संघ त्या वर्षी चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. किल्मारनॉकसारख्या लहान गावाच्या संघानेही युरोपातील एका स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. असल्या शेजाऱ्यांमध्ये पहिला क्रमांक मिळविणे म्हणजे दर शनिवारी परीक्षेला बसण्यासारखे होते. रेंजर्सच्या मैदानावर ६ मे १९६७ रोजी २-२ अशी बरोबरी झाली, तेव्हा कोठे लीगचा निकाल लागला. सेल्टिकचे दोन्ही गोल त्या ठेंगण्या जिमी जॉन्स्टनचे होते.

२०१६-१७ ची गोष्ट निराळी. रेंजर्सची कंपनी २०१२ साली कर्जात बुडाली; संघाला चौथ्या श्रेणीपासून पुन्हा आरंभ करावा लागला आणि त्याच मोसमात तो वरच्या श्रेणीत परतला होता. दूरचित्रवाणीच्या पैशाने इंग्लंडचे संघ गडगंज झाले, स्कॉटलंडचे मागे राहिले. देशात सेल्टिकला तुल्यबळ कोणी उरलाच नव्हता. देशाबाहेर पाऊल टाकताच त्याची प्रचीती आली. जुलै २०१६ मध्ये चिमुकल्या जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स संघाने त्यांना १-० असे हरविले, तर सप्टेंबरात बार्सिलोनाने ७-० असा धुव्वा उडविला. चॅम्पियन्स लीगच्या गटात सहा सामने झाले. त्यांत तीन बरोबरीत सुटले, तीन गमावले, जिंकला एकही नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि ते म्हणणे खोटे नाही, की प्रतिस्पर्धी दुबळा असला तर तो जिंकणाऱ्याचा दोष कसा? दुबळ्यांपुढेही ४७ वेळा मन एकाग्र ठेवणे सोपे नसते. पावसाळी, चिखलाच्या दिवशी एखादी चूक होऊन हार पदरी येतेच. ब्रेंडन रॉजर्स यांच्या संघाने ती येऊ दिली नाही. चषकाच्या अंतिम सामन्यात बरोबरी असताना जादा वेळेत टॉम रोगिचने अ‍ॅबर्डीनच्या बचावातून वाट काढून केलेला गोल पाहताना आमचाही श्वास रोखला गेला होता. या मोसमाला मानाचे पान अवश्य द्यावे. परंतु अजिंक्य राहणे आणि श्रेष्ठ असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बार्सिलोनाने आम्हांस दाखवून दिले.

१९६७ च्या संघाची आणखी एक गोष्ट मनात घर करून राहते. लिस्बनला खेळलेले अकराही खेळाडू या मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. सर्वांत दूरचा बॉबी लेनॉक्स, समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. परमुलखातून आलेल्यांनी स्थापलेल्या संघाने परक्यांना नावे ठेवू नयेत हे खरे, आणि आम्हीही ती ठेवीत नाही. पण शेजारच्या गल्ल्यांतील मुले एकत्र येऊन युरोप जिंकू शकतात, ही गोष्ट पुन्हा घडेल असे वाटत नाही. त्यांचे गुरू जॉक स्टीन हे पूर्वी कोळशाच्या खाणीतील मजूर, आणि धर्माने प्रॉटेस्टंट. कॅथलिकांच्या संघात खेळावयास गेले म्हणून काही जुन्या स्नेह्यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. १९६५ साली तेच या संघाचे पहिले अकॅथलिक व्यवस्थापक झाले. अकरा खेळाडूंतही दोन्ही पंथांचे लोक होते. ज्या शहरात आडनावावरून माणसाचा पंथ ओळखून त्याला नोकरी नाकारीत, त्या शहरात ही सामान्य बाब नव्हती.

२५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर त्यांची गाठ मिलानच्या इंटर संघाशी पडली. इंटरने हा चषक १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकलेला. एक गोल करावा आणि मग दार लावून बसावे, हा त्यांचा खाक्या. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर त्यांनी गोल केला आणि दार लावले. सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्प्सन ३६ वर्षांचा होता. त्याच्या टोपीत सोबत्यांच्या कवळ्या ठेवलेल्या, चषक घेताना तोंड नीट दिसावे म्हणून! असे हे साधे लोक तासभर लाटांप्रमाणे आदळत राहिले. ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेलने दुरून गोल केला. ८४ व्या मिनिटाला स्टीव्ह चामर्सने दुसरा. ब्रिटनमधील संघाने हा चषक जिंकण्याची ती पहिली वेळ.

जिंकण्याची सवय लागली म्हणजे जिंकण्याची चव जाते, हा धोका प्रत्येक बलिष्ठ संघाला असतो. पुढे १७ डिसेंबर २०१७ रोजी हार्ट्सने सेल्टिकला ४-० असे हरविले आणि ६९ सामन्यांची अपराजित मालिका संपली. तेव्हा काही पाठीराखे जणू वडिलोपार्जित वतन गेल्यासारखे चिडले. त्यांनी कॅल्टनच्या वाटेने एकदा पायी जावे, असे सुचवावेसे वाटते. ज्या संघाचा जन्म मुलांच्या ताटात अन्न पडावे म्हणून झाला, त्याला जय हे साधन म्हणून मिळाले होते. १८९७ साली संघाची कंपनी झाली आणि पुढे भागीदारांना नफा वाटला जाऊ लागला. तरी आजही संघाची धर्मादाय संस्था नाताळाच्या दिवसांत गरजूंसाठी निधी जमविते. तो निधी भरभरून जमावा आणि शेजारचे संघही पुन्हा बळकट व्हावेत, अशी आमची इच्छा आहे. डंडी युनायटेडसारखा कोणी मोसमातून दोनदा हरवू लागला, तरी आमची तक्रार असणार नाही.