दोराचं दुसरं टोक

विणकाम, शिवण, स्वयंपाकातल्या नाना खुब्या आपण बायका बहुतेक शिकवणी न लावताच शिकतो. भाजी करपली तर पिठल्यावर भागतं, टाके चुकले तर उसवता येतात. त्यामुळं ‘त्यात शिकायचं काय मेलं, करता करता येतं!’ हे वाक्य आपल्या जिभेवर रुळलेलं असतं.

परवा माझ्या भाचीनं हेच वाक्य मला ऐकवलं. तिच्या डोक्यात सध्या काइटसर्फिंगचं खूळ आहे. गोव्याला मोरजीच्या किनाऱ्यावर तिनं ते पाहिलं. पाय फळीवर अडकवायचे, कमरेला पट्टा बांधायचा, वीस-पंचवीस मीटर लांब दोरांनी त्याला भलामोठा पतंग जोडायचा आणि वाऱ्याच्या ओढीनं पाण्यावरून धावायचं! शिकवणीच्या फीला घरातून नकार मिळाला. ‘मुलीच्या जातीला कशाला हवेत असले खेळ?’ तेव्हा ही म्हणते कशी, “मावशी, जुना पतंग विकत घेईन आणि मोबाइलवर बघून माझी मी शिकेन.”

माझं माहेर कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी. समुद्र तिथून फार दूर. पण पाण्यात कसं शिकावं, हे विहिरीच्या काठावर पाहिलेलं आहे. पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात. पोरगं गटांगळ्या खाई, रडे, पण काका दोर सोडत नसत. अंगात बळ आलं की मग भोपळा सुटे, दोरही सुटे. फी नव्हती, पण शिकवणीच होती ती. मुलींच्या कमरेला मात्र तो दोर कुणी बांधला नाही. विहिरीवर पाणी भरायला जायचं मुलींनी आणि पोहायला शिकायचं मुलांनी! पाय घसरला तर काय, हा विचार कुणाच्या मनात येत नसे.

भाचीचा हा खेळ शिकवणारे पहिल्याच दिवशी पाण्यात नेत नाहीत. आधी वाळूवर लहान पतंग हातात देतात. शिवाय, पतंगाची ओढ क्षणात सोडून देणारी कळ आधी अंगवळणी पाडतात. गॅस पेटवण्याआधी रेग्युलेटर बंद करायला शिकावं, तसंच हे. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला तर काठाजवळचं पाणी कसं शांत, गोजिरं दिसतं, पण तोच वारा माणसाला आत घेऊन जातो. मोबाइलवर दुसऱ्याची करामत दिसते. आपली चूक मोबाइलला दिसत नाही आणि ओरडून थांबवणंही त्याला जमत नाही.

स्वतः शिकण्याला माझा विरोध नाही. चार गोष्टी पक्क्या झाल्या की पुढचा सराव ज्याचा त्यानंच करायचा असतो. पण तेव्हाही काठावर कुणी जाणतं हवं. 1959 साली आरती साहांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा त्यांच्याही सोबतीला होडी होतीच.

ताईला मी एवढंच म्हटलं, “तू नाही म्हणालीस म्हणून ती थांबायची नाही. दोर न बांधता उडी मारेल.” मग आम्ही दोघींनी बसून विचारायच्या गोष्टी लिहून काढल्या. एका वेळी किती शिकाऊ असतात? हेल्मेट आणि लाइफ जॅकेट मिळतं का? कुणी आत वाहत गेलं तर आणायला होडी आहे का? वारा बिघडला तर शिकवणी रद्द करतात का? सरळ उत्तरं मिळतील तिथंच पैसे भरायचे.

सध्या भाचीला पोहण्याच्या तलावावर घातलंय, कारण पोहणं पक्कं झाल्याशिवाय गोवा नाही. फीची निम्मी रक्कम माझ्या भिशीतून जाणार आहे. बाकीची ताई देते आहे, अजून थोडी कुरकुरत.